तांब्याभर पाणी

ती घटना आठवली की अजूनही माझ्या तोंडाला मीठ-साखरेच्या पाण्याची चव येते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांतले आरोपी आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण हाताने लिहिलेल्या एका कागदाचा तपास मात्र दुपारच्या झोपेत पडलेल्या स्वप्नासारखा डोळ्यांपुढे राहिला आहे. खरं सांगायचं तर त्या तपासातला महत्त्वाचा भाग मी आडवा पडून, अर्धे डोळे मिटूनच केला. नोकरीत असताना हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता पेन्शनीत निघालो, सांगायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी रत्नागिरीत फौजदार होतो. माझं गाव घाटावर, कृष्णाकाठी. कोकणातल्या माणसाशी जुळवून घ्यायला मला दोन पावसाळे लागले. आमच्याकडे "कुठे निघालात?" म्हटलं की माणूस गावाचं नाव सांगून मोकळा होतो. इथे तो "का हो, काय काम होतं?" असं विचारतो, आणि तेही इतक्या गोडीनं की चूक आपलीच वाटावी. माझ्या हाताखाली पालीच्या बाजूचे एक हवालदार होते, नोकरीची पंचविशी उलटलेले. हुद्द्यानं माझ्याखालचे, पण माणसं ओळखण्यात माझे गुरू. त्यांना इथे नुसतं हवालदारच म्हणतो, कारण नाव कुणाचंच घ्यायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.

त्या वर्षी मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या होत्या. इकडे विहिरीला बाव म्हणतात. मुंबईचे चाकरमानी सुट्टीला आले, वाड्या भरल्या आणि एकेका बावीवर दुप्पट घागरी उतरू लागल्या. आंबे-काजूच्या दिवसांत जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली. पाली-लांज्याच्या आतल्या अंगाला काही वाड्यांत माणसं दगावली. सकाळी बागेत काम करणारा माणूस संध्याकाळी नसायचा. जुनी माणसं हळूच "पटकी" म्हणायची, डॉक्टर लोक त्याहून हळू "कॉलरा" म्हणायचे. आणि रेडिओवर दिल्लीचे एक बडे नेते, ज्यांच्याकडे या सगळ्याची जबाबदारी होती, खणखणीत आवाजात सांगायचे की देशात कुठेही साथ नाही, उन्हाळ्यात पोटं बिघडतातच, बाकी सगळ्या विरोधकांच्या अफवा आहेत.

याचा परिणाम साधा होता. वरून तोंडी निरोप आला होता की दवाखान्याच्या कागदावर 'अतिसार' लिहायचं, दुसरा शब्द नको. असला निरोप लेखी कधीच येत नसतो. कॉलरा नाही म्हटल्यावर कॉलऱ्याची औषधं कशाला, सलाइनच्या जादा बाटल्या कशाला आणि डॉक्टरांचं पथक तरी कशाला. कागदावर जे नाही ते सरकारला दिसत नाही, हे मी पोलीस असल्यामुळे चांगलं जाणून होतो.

अशात त्या नेत्यांचा रत्नागिरी दौरा ठरला. बंदोबस्ताचे कागद टाइप होत असतानाच पालीच्या एस.टी. थांब्यावर एक कागद चिकटवलेला सापडला. तांदळाच्या पेजेनं चिकटवला होता. ठाण्यात आणला तेव्हा त्याच्या एका कडेला मुंग्या लागल्या होत्या. मजकूर निळ्या शाईत, डाव्या हातानं लिहावा तसा वाकडातिकडा. तो गाऱ्हाण्यासारखा होता.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे परगावच्या वाचकांसाठी सांगतो. कोकणात देवळात गावाचा मानकरी देवापुढे उभा राहून गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो. देवांना एकेक करून हाक मारतो, अडचण सांगतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतो. या कागदात तसंच होतं. आधी चार देवांना हाका होत्या, पावणाई, जुगाई, वाघजाई आणि केदारलिंग. पुढचं मला अजून पाठ आहे: "दिल्लीचा सायेब रेडिओवर सांगतो, साथ नाय. आमी माणसं जाळताव आनि तो म्हनतो पोट बिघाडलं आसंल. बा देवा, त्येचं वायट करू नको. त्येला हकडं आण. आमच्या बावीचं तांब्याभर पानी त्येला पिऊ दे. मंग तोच सांगू दे, साथ हाय का नाय."

खाली ओळीनं तीनदा "व्हय म्हाराजा".

मला वाचताना हसू आलं होतं, हे कबूल करतो. पण जिल्ह्याच्या विशेष शाखेला हसू आलं नाही. त्यांनी 'तांब्याभर पानी त्येला पिऊ दे' या ओळीखाली लाल रेघ मारली. दूषित पाणी पाजायचं म्हणजे विषप्रयोगाची धमकी. अफवा पसरवण्याचं कलम आणि जिवाच्या धमकीचं कलम, दोन्ही लागली. दोनच दिवसांत तसाच कागद लांज्याच्या बाजारात निघाला, मग रत्नागिरीच्या स्टँडवर, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं अक्षर वेगळं. वरिष्ठांनी निष्कर्ष काढला की मोठी टोळी आहे. दौऱ्याच्या आत आरोपी हजर करण्याचा हुकूम मला मिळाला.

कागद मी उन्हात धरून पाहिला. पालीला सापडलेल्या पहिल्या कागदाची वरची कड कात्रीनं कापलेली होती आणि मागच्या बाजूला फिक्या छापील रेघा होत्या. सरकारी दवाखान्यातला केसपेपर. छापील मथळा तेवढा उडवलेला. पुढची खबर हवालदारांनी आणली. एका एस.टी. कंडक्टरनं त्यांना चहाच्या टपरीवर सांगितलं होतं की आतल्या गावाकडून येणारी सकाळची गाडी पालीला दहा मिनिटं उभी राहते, आणि तो कागद तिथे त्या दहा मिनिटांच्या आधी नव्हता. त्या दिवशी गाडीत आतल्या गावच्या आरोग्य केंद्रातली दोन माणसं होती. एक नर्सबाई, दुसरा कंपाउंडर. तो लसींचा बर्फाचा डबा घेऊन आठवड्यातून एकदा रत्नागिरीला येत असे.

आम्ही निघालो. जीप सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर थांबली, तिथून खाली गावात जांभ्या दगडाची पाखाडी उतरत जायची. दुपारची वेळ. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, खालून वर येणारी गरम हवा, आणि कुठेही माणूस नाही. पायऱ्या उतरताना मला वाटत होतं की आपण कुठल्यातरी जुन्या, पाणी आटलेल्या तळ्यात उतरतो आहोत. घसा कोरडा पडला. पहिल्याच घरापाशी मी पाणी मागितलं. घरची बाई तिशीतली असेल, नवरा मुंबईला. तिनं गुळाचा खडा पुढे ठेवला आणि म्हणाली, "वायच थांबा सायेब, उकळून निवत ठेवलंय त्ये आनतंय."

मला घाई होती, आणि त्याहून जास्त मिजास होती. आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला काही होत नाही, असं म्हणून मी हंड्यातूनच तांब्या भरून घेतला आणि एका दमात रिकामा केला. पाणी थंडगार होतं, गोड होतं. हवालदारांनी घरून पिऊन आल्याचं सांगितलं. ते सकाळपासून माझ्याबरोबरच होते, घरी गेलेच नव्हते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आरोग्य केंद्र कौलारू होतं. खाटा भरलेल्या, बाकीचे चटयांवर. डॉक्टर पोरसवदा, कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले. आमचा पोशाख बघूनच त्यांचा चेहरा उतरला. मी शाळेच्या खोलीत मुक्काम टाकला आणि जबाब सुरू केले. माझा संशय नर्सबाईंवर होता. त्यांचं माहेर लांज्याचं, आणि लांज्याला कागद निघाला होता; फौजदाराचं गणित असंच असतं. तासभर मी त्यांना उलटसुलट विचारलं. शेवटी त्यांनी मलाच सुनावलं की बाहेर चार माणसं ओकतायत, त्यांच्या उशाशी बसू की तुमच्यापुढे अक्षराचे नमुने काढत बसू. मी आवाज चढवला. हा पोलिसांचा जुना उपाय.

तेवढ्यात कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, बाह्या दुमडलेल्या. त्याच्या निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं राहिली होती. तो शांतपणे म्हणाला, "बायनी कागद लिवलेला नाय सायेब. येवढं मी सांगतो."

"मग कुणी लिहिला?"

"त्ये शोधायला तर तुमी आलाव."

पुढचे दोन तास मी त्याला खुर्चीवर बसवून ठेवला. तो खोटं एक शब्द बोलला नाही, आणि खरंही एक शब्द बोलला नाही. कागद कापायची कात्री दवाखान्यात आहे का? हाय. ती कोण वापरतं? ज्येला कापायचं आसंल तो. तुम्ही देवळात जाता का? देव काय दवाखान्यात येतो का सायेब, आमालाच जायला लागतं. त्याच्याविषयी एवढंच कळलं की त्याचा थोरला भाऊ पंधरा दिवसांपूर्वी साथीत गेला होता, आणि भावाच्या केसपेपरवर 'अतिसार' हा शब्द त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की आपोआप निलंबित होतो, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. दोन वर्षांवर आलेलं पेन्शन त्या खुर्चीत त्याच्याबरोबर बसलेलं होतं.

संध्याकाळी हवालदारांनी कागद पुन्हा वाचला आणि एक गोष्ट सांगितली. या बाजूला चारही देव जवळपास गावोगाव आहेत. पण गाऱ्हाण्यात देवांना हाक मारायचा क्रम प्रत्येक गावाचा आपला असतो, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला, कुणी बदलत नाही. बहुतेक ठिकाणी मोठ्या देवळातला केदारलिंग आधी. इथे पावणाई पहिली आहे आणि केदारलिंग शेवटी. हे उलटं आहे. हा क्रम ज्या गावाचा, त्या गावाचा माणूस. मी म्हटलं, मग विचारा ना गावात. ते हसले. म्हणाले, साहेब, गाऱ्हाणं हे पोलिसाला सांगायची वस्तू नाही. आणि मानकऱ्याखेरीज ते तोंडून काढायचा अधिकारही कुणाला नाही.

पहाटे मला पहिली उलटी झाली.

त्यापुढचं सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. चार माणसांनी मला उचलून नेलं, कुणाच्या तरी खांद्यावर माझी टोपी होती. मग डोळ्यांपुढे कौलं, कौलांच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा, आणि खिळ्याला टांगलेली सलाइनची बाटली. ऊन बाटलीतून जाऊन आढ्यावर एक थरथरणारा पांढरा ठिपका पडला होता. तो ठिपका म्हणजे आमच्या गावची नदी आहे आणि मी तिच्या तळाशी निजलो आहे, असं मला वाटत होतं. भीती वाटत नव्हती. पायांत पेटके यायचे, मग कुणीतरी पोटऱ्या चोळायचं, मग सगळं पुन्हा लांब जायचं. मधूनमधून ओठांशी चमचा यायचा. मीठ, साखर, पाणी. थुंकलो तर पुन्हा चमचा. आई बोलावते आहे असं वाटून मी हाक मारली, तर वाकून "घ्या, घ्या" म्हणणारा चेहरा कंपाउंडरचा होता. डॉक्टर सलाइन आणायला माझीच जीप घेऊन रत्नागिरीला गेले होते, हे नंतर कळलं. दिवसभर त्या खोलीत तो माणूस आणि नर्सबाई अशी दोघंच होती आणि खाटेखाटेवर, चटईचटईवर आम्ही.

दिवेलागण झाली. कुणीतरी कंदील आणून ठेवला. माझ्या बाटलीतलं पाणी तळाला आलं होतं. कंपाउंडर खोलीच्या मधोमध उभा राहिला, पायांतल्या वहाणा बाजूला काढल्या, हात जोडले आणि अगदी हलक्या आवाजात बोलू लागला.

"बा पावणाय माते. जुगाय माते. वाघजाय माते. बा केदारलिंगा म्हाराजा."

ग्लानीत मला सगळंच स्पष्ट ऐकू येत होतं, नेहमीपेक्षा जास्त स्पष्ट. पावणाई पहिली. केदारलिंग शेवटी. माझ्या आतला फौजदार उठून बसला आणि उठता येईना म्हणून पुन्हा निजला. तो पुढे बोलत होता. ही तुझी लेकरं इथे पडली आहेत, काही गावची आहेत, काही परगावची आहेत, एक पाहुणा घाटावरून आला आहे, त्याला धड माघारी धाड. चटईवरच्या, खाटांवरच्या, दाराशी बसलेल्या माणसांच्या घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज निघाला, "व्हय म्हाराजा." वाऱ्यानं सुकी पानं सरकावीत तसा तो आवाज खोलीभर सरकत गेला. आणि शेवटचा आवाज माझा होता. आरोपीच्या प्रार्थनेला तपासी अंमलदारानं होकार दिला होता. तोंडातून शब्द निघून गेल्यावर मला ते कळलं.

तिसऱ्या दिवशी मी उशीला टेकून बसू लागलो. हवालदार रोज येऊन पायाशी बसत. मी त्यांना काही न सांगता एवढंच विचारलं, परक्या माणसानं "व्हय म्हाराजा" म्हटलं तर? ते म्हणाले, देवाला परका कोण. एकदा व्हय म्हटलं की ते गाऱ्हाणं त्याचंही झालं. मग नखांकडे बघत म्हणाले, "पावणाय ऐकलात ना साहेब?" म्हणजे त्या संध्याकाळी दाराशी तेही होते, आणि त्यांनाही कळलं होतं. त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी कंपाउंडर पेज घेऊन आला. खोलीतले बाकीचे ग्लानीत होते. हवालदारांकडून मागून घेतलेला कागद मी उशीखालून काढला. त्यानं पेज खाली ठेवली आणि चटईवर बसला. आता ना तो तिरकं बोलला, ना मी चढ्या आवाजात बोललो. त्यानं सगळं सांगितलं. गाऱ्हाण्याचा मान त्याच्या थोरल्या भावाचा होता. भाऊ गेला, मान याच्याकडे आला. पण दौऱ्याच्या निमित्तानं जमावबंदी लागली होती, देवळात गाव जमवता येईना. त्याचं पहिलंच गाऱ्हाणं, आणि व्हय म्हणायला गाव नाही. म्हणून त्यानं ते कागदावर घातलं आणि जिथे माणसं जमतात तिथे नेऊन लावलं. त्यानं एकच कागद लिहिला होता, पालीचा. लांज्याचा आणि रत्नागिरीचा त्यानं पाहिलाही नव्हता. वाचणाऱ्यांनीच उतरवून पुढे लावले होते. विशेष शाखेची टोळी ती हीच.

मला एकच गोष्ट समजत नव्हती. मी विचारलं, "मथळा कापलात, अक्षर डाव्या हातानं काढलंत. मग देवांची नावं मागेपुढे करायला काय झालं होतं? सापडला नसतात."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाळबोध प्रश्न विचारला.

"अक्षर माजं हाय सायेब, त्ये मी बदललं. देवांचा मान माजा नाय. पावणाय पयली, ती पान्याची राखनदार. तिला मागं सारली तर ती आयकल कशाला?"

पकडलं जाण्याची भीती होती, पण देवानं ऐकलं नाही तर कागद लिहिण्याला अर्थच नव्हता. इतक्या सरळ माणसाला मी दोन तास खुर्चीवर बसवून ठेवला होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि मी ती त्याला बोलून दाखवली. मग मी विचारलं, मी कशासाठी आलोय हे माहीत असूनही शिल्लक बाटल्यांतली एक मला का लावलीत? तो म्हणाला, ज्याची नाडी आधी बुडते त्याला आधी बाटली, दवाखान्याचा तसा नियम आहे. आणि पेजेची वाटी माझ्या हातात देत म्हणाला, "तांब्या तुमीच पिलाव सायेब. आता तुमीच सांगा, साथ हाय का नाय."

मी पेज प्यायलो. डॉक्टरांना बोलावून घेतलं.

डॉक्टरांना मी म्हटलं की मला आजारपणाची रजा टाकायची आहे, दाखला लागेल. त्यांनी लिहायला घेतलं आणि 'अति' एवढ्यावर मी त्यांचा हात धरला. मी सरकारी नोकर आहे, कर्तव्यावर असताना आजारी पडलो आहे, माझ्या सेवापुस्तकात खोटा आजार जाता कामा नये. जो झाला तोच लिहा. ते घाबरले. वरून निरोप आहे म्हणाले. निरोप लेखी आहे का, मी विचारलं. नाही. माझा अर्ज लेखी आहे, मी म्हटलं, आणि अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अर्ज वाचला. दाराशी नर्सबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिहा डॉक्टर." त्यांनी लिहिलं. कॉलरा. ठसठशीत अक्षरात, सहीशिक्क्यासह. त्या टापूत कागदावर उमटलेला तो शब्द बहुधा पहिलाच.

दौऱ्याला चार दिवस उरले असताना मी रत्नागिरीत उपअधीक्षक साहेबांपुढे उभा राहिलो. गणवेश खांद्यांवरून ओघळत होता. आमच्या खात्यात तपास बंद करायचे तीन रस्ते. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही ती 'अ' समरी, फिर्यादच खोटी ती 'ब', आणि गैरसमजातून नोंदलेला गुन्हा ती 'क'. 'अ' करायची तर आरोपी सापडला नाही असं खोटं लिहावं लागलं असतं, आणि त्या दवाखान्यातून आल्यावर खोटं लिहायची माझी तयारी नव्हती. मी 'क' मागितली. केस डायरीत लिहिलं होतं: मजकूर अफवा असल्याचे आढळत नाही. सदर विहिरीचे पाणी तपासी अंमलदाराने स्वतः प्यायले असून वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. पाणी पिण्यास सांगणे ही धमकी नसून तक्रार आहे.

साहेबांनी दाखला दोनदा वाचला. म्हणाले, "माणूस सापडला का?" मी म्हटलं, साहेब, गुन्हाच सापडला नाही. त्यांनी दाखला पुन्हा फाईलला जोडला. मग म्हणाले, "हे कोर्टात गेलं तर पहिला कागद हाच वाचला जाईल." फाईल त्यांनी मिटली. दाखल्याची एक प्रत आरोग्याकडे जायचीच होती, ती गेली. एका फौजदाराला कॉलरा झाला हे कागदावर आल्यावर बाकीच्यांना अतिसार म्हणणं अवघड झालं. दोन दिवसांनी पथक आलं, बाटल्या आल्या, बावीत औषध पडलं.

नेते मात्र ठरल्याप्रमाणे आले. हेलिकॉप्टरनं आले, विश्रामगृहात अर्धा तास थांबले, शहाळ्याचं पाणी प्यायले आणि आपण वेळीच पावलं उचलल्यामुळे परिस्थिती आटोक्यात आल्याचं सांगून गेले. मी कुंपणापाशी बंदोबस्तात उभा होतो. मला राग आला होता. इतक्या वर्षांनी तो निवला असेल असं वाटलं होतं, पण हे लिहिताना पुन्हा आला. महिन्याभरात माझी बदली दूरच्या जिल्ह्यात, नियंत्रण कक्षात झाली. कारण विचारायचं नसतं. बढतीही मागे पडली. कंपाउंडर मात्र दोन वर्षांनी पूर्ण पेन्शनसह निवृत्त झाला, हे हवालदारांनी पत्रानं कळवलं.

या तपासानं मला काय शिकवलं असं नवे अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, सत्तेवरच्या माणसाला कुणी बोल लावला की आधी कलम शोधू नका, तो म्हणतो ते खरं आहे का एवढं बघा. त्याला फार वेळ लागत नाही. कधीकधी एक तांब्या पुरतो.

निवृत्तीनंतर एका शिमग्याला मी त्या गावी गेलो. हवालदार हयात नव्हते, एकटाच गेलो. पाखाडीवरचं पहिलं घर तेच होतं. ती बाई आता डोक्यानं पांढरी झाली होती. तिनं मला ओळखलं, गूळ ठेवला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "उकळलेलंच हाय सायेब. त्या सालापासून दुसरं ठेवतच नाय." मी प्यायलो. पाण्याला धुराचा किंचित वास होता.

देवळापुढे पालखी बसली होती, गाव जमला होता. कंपाउंडर थकला होता, पण आवाज शाबूत होता. त्यानं हात जोडले. पावणाई पहिली, केदारलिंग शेवटी. मग पीकपाण्याचं, मुंबईकरांचं, गुरावासरांचं मागणं झालं, आणि त्यानंतर माझ्या अंगावर काटा आला. दिल्लीच्या त्या नेत्यांना जाऊन कितीतरी काळ लोटला होता, त्यांच्या जागी दुसरे, तिसरे आले होते. त्यांचं नाव गाऱ्हाण्यात नव्हतं, पण ती ओळ होती. ज्याच्या हाती कारभार दिलास, त्याला आमच्या बावीचं तांब्याभर पाणी पिऊ दे. त्या वर्षीपासून ती गाऱ्हाण्यात बसली होती, आणि आता पुढच्या पिढ्यांना ती बदलता येणार नव्हती.

सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला. मी मागच्या रांगेत उभा होतो. यावेळी ग्लानी नव्हती, डोळे उघडे होते. मीही म्हटलं.